शहरातील सायकल-मार्ग आणि सायकलस्वाराची जागा
(इयत्ता ६ वी व ७ वी : नागरिकशास्त्र)

प्रास्ताविक

आपल्या गावातील मुलाला सायकल येते, म्हणजे नेमके काय येते? त्याला तोल सांभाळता येतो, पायडल मारता येते, उतारावर ब्रेक दाबता येतो. रस्ता त्याच्या दृष्टीने एकच असतो, आणि समोरून एस. टी. आली की बाजूला व्हावयाचे, हा त्याचा एकमेव नियम असतो. पुढे हेच मूल शिक्षणासाठी पुण्यासारख्या शहरी जाते. तेथे रस्त्याच्या कडेस पदपथ असतो, कोठे सायकलींसाठी निराळा मार्ग असतो, मध्ये बस आणि मोटारी धावत असतात. सायकल तीच, चालवणाराही तोच. परंतु आपली जागा कोणती हे त्यास ठाऊक नसते. हे ज्ञान पहिल्या अपघाताने देण्यापेक्षा शाळेने अगोदर द्यावे, हे अधिक बरे.

ह्या पाठाचे सार दोन प्रश्नांत आहे : येथे माझी जागा कोणती? आणि ती कोठे संपते? पहिला प्रश्न बहुतेक शिक्षक शिकवितात. दुसरा मात्र राहून जातो, आणि धोका बहुधा तेथेच असतो.

शिक्षकांसाठी माहिती

सायकल हे वाहन आहे. परंतु ते यंत्राच्या बळाने चालत नसल्यामुळे कायद्याच्या अर्थाने मोटार वाहन नव्हे. म्हणून सायकलस्वारास परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे मात्र समजू नये. सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे चालवून दुसऱ्याच्या जिवास धोका निर्माण करणे हा गुन्हा आहे, आणि ‘कोणतेही वाहन’ ह्या शब्दांत सायकलही येते.

सायकलींना निराळा मार्ग असावा, हा विचार आपल्या देशात नवा नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ह्या संस्थेने सायकल-मार्गांच्या रचनेसंबंधी शिफारशी १९६२ सालीच प्रसिद्ध केल्या. मार्गाची रुंदी किमान २ मीटर असावी, असे त्यांत सांगितले होते. ज्या रस्त्यावरून ताशी २०० हून अधिक मोटार वाहने जातात, तेथे सायकली ताशी १०० असल्या तरी निराळा मार्ग करणे योग्य ठरते, असेही त्यांत नमूद होते. मोटारी वाढल्या की थोड्या सायकलींनाही संरक्षण हवे, हे त्यामागील तत्त्व होय.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. २००६ साली तेथे जलद बससेवेसाठी रस्ते नव्याने आखले गेले, तेव्हा सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी कडेने सायकल-मार्गही आले. पुढे २०१७ साली पुणे महानगरपालिकेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तथापि मार्ग बांधला म्हणजे तो मोकळा राहतोच असे नाही. कोठे त्यावर मोटारी उभ्या असतात, कोठे हातगाडी, कोठे बांधकामाचा राडारोडा. मुलांना हे लपवून शिकवू नये.

सायकलस्वाराची जागा : चार प्रसंग

१. साधा रस्ता. निराळा मार्ग नसेल तेथे सायकलस्वाराने रस्त्याच्या डाव्या बाजूने, एकामागे एक असे जावे. तो तेथे कोणाच्या मेहरबानीने चालत नाही. रस्त्यावर त्याचाही हक्क आहे. मात्र अगदी कडेच्या खडीत किंवा गटाराच्या झाकणावर चाक घालू नये. उभ्या मोटारीच्या बाजूने जाताना तिचे दार एकाएकी उघडले तरी लागणार नाही, इतके अंतर राखावे.

२. सायकल-मार्ग. निळ्या वर्तुळात पांढरी सायकल, ही खूण दिसली की तो मार्ग सायकलींसाठी आहे व सायकलस्वाराने तोच वापरावयाचा आहे, असे समजावे. मोटार वाहनांना त्यावर मज्जाव आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या वाहनचालनविषयक विनियमांनुसार, गणवेषातील पोलिसाने सांगितल्याखेरीज पदपथावर किंवा सायकल-मार्गावर वाहन नेता येत नाही. अशा विनियमांच्या भंगाबद्दल मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ५०० ते १००० रुपये दंड ठेवला आहे. ह्या मार्गावरही आपल्या बाजूच्या वाहतुकीच्या दिशेनेच जावे. उलट दिशेने येणाऱ्या सायकलस्वाराकडे, गल्लीतून बाहेर पडणाऱ्या चालकाचे लक्ष नसते.

३. पदपथ. पदपथ पायी चालणाऱ्यांचा. तेथे सायकलवरून उतरावे आणि ती हाताने ढकलीत न्यावी. उतरलेला सायकलस्वार हा पादचारीच होय. आपण मोटारीकडून जी सभ्यता अपेक्षितो, तीच वृद्ध पादचाऱ्याने आपल्याकडून अपेक्षिली, तर त्यात गैर काय?

४. बंदीचा रस्ता. लाल किनारीच्या वर्तुळात सायकलीचे चित्र असेल तेथे सायकलीस प्रवेश नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकल नेता येत नाही. ह्याखेरीज, वाहतूक नियमनाचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वये पोलीस आयुक्तांस असल्याने, शहरातील एखाद्या रस्त्यासाठीही स्वतंत्र आदेश निघू शकतो. म्हणून नव्या शहरात फलक वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

जागा कोठे संपते?

सायकल-मार्ग चौकाशी संपतो, गल्लीच्या तोंडाशी तुटतो, बसथांब्याशी अरुंद होतो. तेथवर निर्धास्त आलेले मूल त्याच वेगाने पुढे जाते आणि मोटारींच्या मध्ये सापडते. म्हणून मार्ग संपत आला, किंवा समोर उभ्या गाडीने तो अडला, की पुढील क्रम पाळावा : वेग कमी करणे, मान वळवून मागे पाहणे, हात दाखविणे, आणि जागा मोकळी असेल तरच मुख्य रस्त्यावर येणे. मागे पाहिल्याशिवाय हात दाखविणे व्यर्थ आहे. हातामुळे मागची बस थांबत नाही.

चौकात डावीकडे वळणाऱ्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नये. तेथे उभा असलेला सायकलस्वार चालकास दिसेलच असे नाही. आपण मागे थांबावे व गाडी वळू द्यावी. उजवीकडे जावयाचे असल्यास लहान मुलांनी उतरून, पादचाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून, सायकल हाती धरून रस्ता ओलांडावा. बसथांब्यापाशी उतारू अचानक मार्गावर येतात. तेथे घंटी वाजवून भागत नाही, थांबण्याची तयारी हवी.

कृती

शाळेच्या पटांगणावर फक्कीने ७ मीटर रुंदीचा रस्ता आखावा. त्याच्या डाव्या कडेस २ मीटरचा सायकल-मार्ग व त्यापलीकडे पदपथ दाखवावा. मार्ग मध्येच एका ठिकाणी तोडावा व पुढे एक बाक आडवा ठेवावा; ही उभी मोटार. काही मुलांनी बस, काहींनी पादचारी व्हावे. आता एकेका मुलास सायकल घेऊन सोडावे. बाकापाशी ते मागे वळून पाहते की नाही, एवढेच वर्गाने टिपावे. पहिल्या फेरीत बरीच मुले मागे पाहावयास विसरतील. त्यांना रागावू नये, दुसरी फेरी घ्यावी. निळे व लाल वर्तुळ मुलांकडूनच पुठ्ठ्यावर रंगवून घ्यावे.

मुलींना सायकल चालविण्याची संधी ह्या कृतीत मुलांइतकीच द्यावी. दूरच्या हायस्कुलास सायकलने जाणाऱ्या मुलींस ह्या पाठाची गरज कमी नाही.

प्रश्न

१. निळ्या व लाल वर्तुळांतील सायकलीच्या चित्रांचा अर्थ सांगा.
२. पदपथावर सायकल कशी न्यावी? का?
३. सायकल-मार्गावर मोटार उभी आहे. पुढे जाण्यासाठी तुम्ही क्रमाने काय कराल?
४. आपल्या गावापासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा, आणि सायकलस्वाराने जेथे थांबून पाहिले पाहिजे अशा जागांवर खूण करा.

चौथ्या प्रश्नाचे नकाशे वर्गात लावून ठेवावेत. जे मूल आपल्या रोजच्या रस्त्यावरील धोक्याची जागा स्वतः शोधून काढते, ते परक्या शहरातही ती शोधल्यावाचून राहणार नाही.