शुद्ध हरपण्याआधी

आमच्या घरात मधुमेह दोघांना आहे. सासूबाईंना टाइप 2, गोळ्यांवर. मुलाला शाळकरी वयापासून टाइप 1, इन्सुलिनवर. दोघांचं बघता बघता एक गोष्ट मनात पक्की बसली. डायबेटिक कोमा बहुतेक वेळा आधी सूचना देऊन येतो. पण साखर बिघडली की माणसाची विचारशक्तीच मंदावते, त्यामुळे ती सूचना रोग्याला स्वतःला कळेलच असं नाही. ती घरच्यांना ओळखता यायला हवी. म्हणून हे अनुभवाचे बोल.

1. कोमाच्या वाटा तीन.
पहिली वाट साखर फार उतरण्याची. ती काही मिनिटांतही गाठते. दुसरी इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन साचण्याची. ती काही तासांची, आणि टाइप 1 मध्ये जास्त दिसते. तिसरी टाइप 2 असलेल्या वयस्कर माणसांची: साखर चढत जाते, शरीर कोरडं पडत जातं आणि हे कित्येक दिवस चालतं. तिन्हींची लक्षणं वेगळी, उपायही वेगळे.

2. स्वभाव बदलला की आधी साखर तपासा.
सासूबाई स्वभावाने शांत. एका दुपारी तांदूळ निवडताना त्या खडा उचलायच्या आणि परत ताटातच टाकायच्या. काय होतंय म्हणून विचारलं, तर माझ्यावर खेकसल्या. कपाळावर घाम, हात गार. बोट टोचून पाहिलं, तर साखर 48. साखर 70 च्या खाली गेली की उपाय करायचाच. 54 च्या खाली म्हणजे गंभीर. घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, अडखळतं बोलणं ही त्याची लक्षणं. रस्त्यात असं कुणी दिसलं की लोक ‘प्यायलाय’ म्हणून पुढे जातात. तसं करू नका.

3. शुद्धीवर असेल तर लगेच ग्लुकोज.
तीन-चार चहाचे चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. 70 च्या वर गेली नसेल तर परत तेवढंच द्या. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर ग्लुकोजच हवं, कारण या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर साखर उतरली आहे असं धरून चाला. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर असलेल्यांची साखर वर आल्यावरही तासाभरात पुन्हा घसरू शकते. म्हणून सासूबाईंना बरं वाटू लागल्यावरही आम्ही दवाखान्यात नेलं.

4. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका.
साखर नाही, मध नाही, पाण्याचा घोटही नाही. ते श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतेल. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा, श्वास चालू आहे ना ते बघा, 108 ला फोन लावा. मधुमेह आहे, कोणती औषधं चालू आहेत, शेवटचं जेवण कधी झालं, हे फोनवरच सांगा. घरात ग्लुकॅगॉन असेल आणि द्यायला शिकवलेलं असेल तर द्या. इन्सुलिन मात्र अंदाजाने कधीही टोचू नका.

5. उलट्या म्हणजे ‘पित्त झालं’ असं धरून चालू नका.
मुलाला तापात उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागलं. झोपल्या जागी तो धावून आल्यासारखा खोल, जोरात श्वास घेत होता आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास होता. लघवीच्या कीटोन पट्टीचा रंग गडद झाला आणि आम्ही तडक हॉस्पिटल गाठलं. तिथे सलाइन आणि इन्सुलिन वेळेवर मिळालं. ज्या मुलाला मधुमेह असल्याचं माहीतच नाही, त्याचंही निदान कधी कधी थेट अशाच अवस्थेत होतं. मूल खूप पाणी पिऊ लागलं, रात्री पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, वाळत चाललं, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या.

6. जेवण बंद, तरी इन्सुलिन बंद नाही.
‘पोटात काही नाही, मग सुई कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक घरात ऐकू येतो. आजारपणात शरीर स्वतःच साखर वाढवतं, म्हणून टाइप 1 मध्ये इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नसतं. मात्रा डॉक्टरांना विचारा, दर तीन-चार तासांनी साखर बघा, घोट घोट पाणी देत राहा. 1921 साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी टाइप 1 झालेली मुलं याच कोमात दगावत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोन साचू शकतात. आजारपणात त्या थांबवायच्या का, हे आधीच विचारून ठेवा.

7. आजी-आजोबांच्या गुंगीला ‘वय झालं’ म्हणू नका.
म्हातारपणी तहान नीट कळत नाही. उन्हाळा, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग एवढं निमित्त पुरतं. माणूस सारखा झोपतो, असंबद्ध बोलतो, जीभ कोरडी पडते. साखर 600 च्या पुढे गेली की अनेक ग्लुकोमीटर आकड्याऐवजी ‘हाय’ दाखवतात. तेव्हा घरगुती उपाय नाही, हॉस्पिटलच.

8. सुई आणि कुपी जुळवूनच घ्या.
आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या 40 आणि 100 अशा दोन ताकदींच्या मिळतात. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. 100 च्या कुपीतलं औषध 40 च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट इन्सुलिन शरीरात जातं. दुकानातच दोन्हींवरचे आकडे वाचा.

9. उपास डॉक्टरांना विचारून.
नवरात्र असो वा एकादशी, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी मात्रा ठरवून घ्या. साखर 70 च्या खाली गेली की उपास तिथेच सोडायचा. सासूबाईंनी हे मनापासून मान्य केलं आहे.

ही माहिती एकट्या रोग्यापाशी असून भागत नाही, कारण वेळ येते तेव्हा तोच बोलण्याच्या स्थितीत नसतो. मुलाच्या वर्गशिक्षिकेला, शेजारच्या काकूंना आम्ही हे सगळं समजावून दिलं आहे. तुमच्या घरी मधुमेह असेल तर आजच घरातल्या प्रत्येकाला ग्लुकोमीटर वापरायला शिकवा, ग्लुकोजची पुडी कुठे ठेवली आहे ते दाखवा आणि 108 हा नंबर मुलांकडूनही पाठ करून घ्या.