वहीत माळ हवा

बारावीची परीक्षा देऊन आलेल्या त्या मुलीनं शिष्यवृत्तीसाठीचा निबंध माझ्यापुढे ठेवला तेव्हा तिचे वडील शेजारच्या खुर्चीत अवघडून बसले होते. उत्तर सोलापूर तालुक्यात कोरडवाहू जमीन, ज्वारी आणि थोडा कांदा. मुलीला ‘वन्यजीवांचं काहीतरी’ करायचं आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यानंच त्यांची झोप उडाली होती.

निबंधाची सुरुवात होती, ‘लहानपणापासून मला प्राण्यांची खूप आवड आहे.’ पुढे वाघ, गेंडा, ध्रुवीय अस्वल, हवामानबदल. शेवटी पक्षितज्ज्ञ सालीम अलींचं नाव. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण हाच निबंध देशातल्या कोणत्याही गावात बसून लिहिता आला असता.

मी तिला विचारलं, “तुझ्या गावापासून नान्नज किती लांब?”

“वीसेक किलोमीटर, सर.”

“मग यात माळढोक कुठे आहे?”

ती गप्प झाली. तिनं माळढोक कधी पाहिलाच नव्हता. बोलले ते वडील. “म्या बघितलाय की. शाळेत होतो तवा. मेंढरं घेऊन गेलो हुतो, समोर गवतात मान वर करून उभा. माणसाच्या कमरंएवढा. नर घुमायचा तर लांबवर ऐकू यायचं.” मुलीनं वडिलांकडे वळून पाहिलं. ही गोष्ट घरात आजवर कुणी सांगितलीच नव्हती.

शिष्यवृत्तीसाठी धडपडणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या काळजीत असलेल्या आईवडिलांना मला पहिल्यांदा हेच सांगायचं असतं. निवड करणाऱ्यांसमोर प्राण्यांवर प्रेम असलेल्यांचे अर्ज ढिगानं येतात. त्यातून नाव वर येतं ते ज्यानं काहीतरी स्वतः पाहिलं आणि लिहून ठेवलं त्याचं. दोनशे पानी वही आणि पेन, एवढ्यावर ही तयारी आठवीपासूनही सुरू करता येते.

माळढोकाचीच गोष्ट घ्या. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या असद रहमानी यांनी या पक्ष्याचा जो अभ्यास केला, त्यात नान्नजचा माळही होता. आज साऱ्या जगात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असावेत, तेही बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. मादी एका विणीत बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, शरीर जड, त्यामुळे विजेच्या तारा जवळ येईपर्यंत कळत नाहीत आणि ऐन वेळी वळता येत नाही. जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात २०२४ साली कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला आलं, ही अलीकडच्या काळातली मोठी आशा. सालीम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचं नाव सुचवलं होतं. त्या पक्ष्याच्या अंगणात राहणाऱ्या मुलीनं ध्रुवीय अस्वलावर लिहावं याचं मला खरोखर वाईट वाटलं.

वडिलांना आणखी एक गोष्ट बोलायची होती, पण संकोच वाटत होता. शेवटी ते म्हणाले, “सर, त्याच पक्ष्यापायी आमच्या भागातल्या जमिनी अडकल्या हुत्या. इकता येईना, कागद हुईना.” हे खरं आहे. मूळ अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं आणि त्यात गावंच्या गावं, पिकती शेतं आली होती. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. दरम्यानच्या वर्षांत माळढोक हे नाव ऐकलं की लोकांच्या कपाळाला आठी पडायची.

मी मुलीला म्हटलं, “बाबा आत्ता जे बोलले ते निबंधात घाल.” वडील दचकले. पण संवर्धनातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, की पक्षी वाचवायचा तर त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचं काय करायचं. आसाममध्ये पूर्णिमा देवी बर्मन यांनी हरगिला या मोठ्या, कुरूप समजल्या जाणाऱ्या करकोच्यासाठी काम सुरू केलं, तेव्हा लोक त्याची घरटी असलेली झाडं तोडत होते, कारण खाली घाण आणि दुर्गंधी. त्यांनी गावातल्या बायकांना बरोबर घेतलं आणि पक्षी त्यांच्या सणासमारंभात, विणकामात आणला. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ सन्मान दिला. घरातच माळढोकाविषयी जुना राग असलेली मुलगी हा प्रश्न पुस्तकातून शिकलेल्यांपेक्षा जास्त ओळखते.

आता प्रेरणास्थानांविषयी. सालीम अलींचं नाव जवळपास प्रत्येक अर्जात असतं, पण त्यांच्याकडून काय घेतलं हे क्वचितच असतं. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट सर्वांना पाठ आहे. त्यांच्याकडे विद्यापीठाची नियमित पदवी नव्हती, हेही काही मुलं आईवडिलांशी वाद घालताना पुढे करतात. ते मला पटत नाही. पदवी नसल्यामुळे त्यांना नोकरी नाकारली गेली आणि पुढे ते बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. परतल्यावर अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या वसाहतीपुढे बसून त्यांनी जे टिपलं, त्यातून त्यांचं नाव झालं. सुगरण आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली असते. पाहायला पैसे लागत नाहीत.

सोलापूरच्या मुलांना मी मारुती चितमपल्लींचं नाव आवर्जून सांगतो. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात नोकरी करत आयुष्यभर नोंदी ठेवत राहिला. त्या नोंदींतून ‘पक्षिकोश’ उभा राहिला आणि मराठीला जंगलाची भाषा मिळाली. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. पगार सरकारी, पेन्शन सरकारी, आणि मन रानात, असंही आयुष्य असतं हे आईवडिलांनी लक्षात घ्यावं.

कारण त्यांचा खरा प्रश्न वेगळा असतो. तिच्या वडिलांनी तो सरळ विचारला, “पाखरं बघून पोट भरतंय का?”

प्रामाणिक उत्तर असं, की इंजिनिअरसारखा पगार पहिल्या चार-पाच वर्षांत मिळत नाही. संस्थांच्या प्रकल्पांतलं काम अनेकदा वर्ष-दोन वर्षांच्या करारावर असतं. पण रस्ता एकच नाही. बी.एस्सी. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी. करता येतं. जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा कठीण. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेतही वन्यजीव संवर्धनाचं एम.एस्सी. आहे. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. बारावीनंतर लगेच व्यावसायिक पदवी हवी असेल तर दापोली आणि अकोला इथं बी.एस्सी. वानिकी आहे, आणि नीटमार्गे पशुवैद्यक. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वानिकी, कृषी, अभियांत्रिकी असे पदवीधर बसू शकतात. राज्यात एमपीएससीमधून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल होता येतं. उल्हास कारंत आधी यांत्रिकी अभियंता होते आणि पुढे कॅमेऱ्यांनी वाघ मोजण्याची पद्धत त्यांनी भारतात रुजवली. त्यामुळे गणित सोडू नका, विशेषतः संख्याशास्त्र. या क्षेत्रातल्या मुलांची दांडी जंगलात नाही, आकडेवारीत उडते.

गिधाडांचं उदाहरण मी मुद्दाम देतो. १९९०च्या दशकात भारतातली गिधाडं इतक्या झपाट्यानं संपली की काही जातींत शंभरातली दोन-तीनच उरली. भरतपूरला विभू प्रकाश यांनी आधीच्या नोंदी ठेवल्या होत्या म्हणून घट किती झाली हे कळलं. कारण मात्र सापडलं पशुवैद्यकांच्या शवविच्छेदनातून: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली. एका पक्ष्यामागे मोजणारा लागला, जनावरांचा डॉक्टर लागला, औषधशास्त्र जाणणारे आणि कायदा करणारे लागले. मुलीला वन्यजीवांचं काम करायचं म्हणजे तिला जंगलातच राहावं लागेल, ही भीती म्हणूनच अर्धवट आहे.

पैशाचा हिशेब कागदावर मांडा, मनात नको. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेणार असाल, तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. महाराष्ट्रात महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा आठ लाख. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांच्या योजना वेगळ्या. २०२४-२५पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मराठा, ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ आहे. परदेशी जायचं असेल तर इरास्मस मुंडस, कॉमनवेल्थ, आणि १८९२पासून चालू असलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती. पण हे एम.एस्सी.च्या वेळचं, आत्ताचं नाही. नियम दरवर्षी बदलतात, त्या वर्षीची जाहिरात शेवटपर्यंत वाचा. आणि खरं सांगतो, मुलांची शिष्यवृत्ती बुद्धीअभावी जाते त्याहून जास्त वेळा उत्पन्नाचा दाखला उशिरा मिळाल्यानं, जात पडताळणी राहिल्यानं, आधार बँक खात्याला न जोडल्यानं आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरल्यानं जाते. हे काम आईवडिलांनी अंगावर घ्यावं. मुलीची काळजी करण्यात रात्री घालवण्यापेक्षा दोन दिवस तहसीलला दिले तरी पुरे.

एक सावधगिरी. वाघाचा फोटो छापून लाखभर रुपयांत दोन आठवड्यांचा ‘वन्यजीव अनुभव’ विकणाऱ्यांकडे जाऊ नका. त्या प्रमाणपत्राला प्रवेशात वजन नाही. त्यापेक्षा फेब्रुवारीत होणारी पक्षिगणना करा, ईबर्ड या संकेतस्थळावर रोजची यादी टाका, जवळच्या वनरक्षकाशी ओळख करा. कोकणात वेळासला कासवांची घरटी जपणारे गावकरी आहेत, चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था २००२पासून तिथं काम करते. तिथं जाऊन एक पहाट वाळूत बसा. आणि वहीत तारीख, वेळ, जागा, हवा लिहा. जे दिसलं नाही तेही लिहा. शोधूनही न सापडलेला प्राणी ही शास्त्रात मोलाची नोंद असते, हे तिला सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हलकं हसू आलं.

तीन आठवड्यांनी बापलेक पुन्हा आले. एका पहाटे ते मोटारसायकलवरून वडिलांच्या त्या जुन्या जागेवर गेले होते. निबंध नव्यानं लिहिला होता आणि त्याची सुरुवात वडिलांच्या मेंढरांपासून होती. मी आधी वही मागितली. पहिल्या पानावर होतं: सकाळी ६.१० ते ८.००, हवा स्वच्छ, वारा पश्चिमेचा. अर्ध्या माळावर आता ऊस. विजेचे खांब १४. काळवीट ९, धाविक २, चंडोल पुष्कळ, मोजता आले नाहीत. माळढोक नाही. त्याखाली वेगळ्या, थरथरत्या अक्षरात एक ओळ होती, वडिलांची: इथंच उभा होता.