गिरणगाव : काल आणि आज

सातवीच्या वर्गात आम्ही एकदा प्रश्न विचारला, "गिरणी म्हणजे काय?" मुले एकमुखाने म्हणाली, "सर, पीठ दळतात ती!" पार्से गावच्या मुलांचे यात काही चुकले नाही. परंतु पेडण्याकडील ज्या घरांतून आजे-पणजे पोटासाठी मुंबईस गेले, तेथेही गिरणीचा दुसरा अर्थ कोणास ठाऊक नसावा, हे मनास लागले. म्हणून ही ओळख.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापिली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा हा सारा टापू भोंग्यावर उठू-निजू लागला, तेच गिरणगाव. मजुरांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा. (आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्यातच होता.) माणूस मुंबईत, बिऱ्हाड गावी, आणि दोहोंमध्ये मनिऑर्डर. सरकारने १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तीत पाळ्यांप्रमाणे माणसे निजत.

या वस्तीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकू नये. धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून दलित कामगारांस विणकामाच्या खात्यात शिरकाव नसे, आणि पगार तर त्याच खात्यात अधिक. तेथे मराठे असत, मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही असत. शिवाशिव गिरणीच्या दारात थांबली नव्हती.

एकट्या पुरुषांच्या या वस्तीस जगविले ते खानावळवाल्या बायांनी. पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घालावे, आणि वाण्या-सावकाराचे व्याज आपण सोसावे, असा त्यांचा व्यवहार. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांस बँकेचे कर्ज मिळवून दिले. गोव्याच्या लेकीचे हे काम आपल्या मुलांस सांगितले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माणसे गावी परतली, काही पुन्हा आली. कित्येक गिरण्यांचे भोंगे मात्र कायमचे थांबले. गिरणी बंद, म्हणून खानावळ बंद, म्हणून मनिऑर्डर बंद.

यापुढचा भाग आम्ही वर्गात व्याकरणाच्या तासाला शिकवितो, कारण तो एका विशेषणाचा आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासासाठी वाटणी ठरली होती : ढोबळमानाने एक तृतीयांश महानगरपालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी, उरलेली मालकास. २००१ साली दुरुस्ती झाली. वाटणी तीच, पण आता ती फक्त 'मोकळ्या' जमिनीची. गिरणीच्या आवारात मोकळे ते किती असणार? बहुतेक जमीन इमारतींखाली. वाटणीस येणारे क्षेत्र एकदम आक्रसले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम राहिली. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी तर त्याआधीच बाजारपेठ उभी राहू लागली होती.

घरांसाठी दीड लाखाहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. २०१२ च्या सोडतीत सात हजारांच्या आत घरे होती. चाळींत राहिलेल्यांचे नशीब थोडे बरे. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या भाडेकरूंस ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. उंच इमारतीत शेजाऱ्याचे दार उघडे राहील काय, ही शंका आम्हांस आहे. पण १६० फुटांत ज्याने जन्म काढला, त्याला ती विचारू नये.

तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. मामांच्या काजूच्या भाटासंबंधी एक कागद आला आहे, त्यात असा एखादा शब्द असेल काय, असे तिने विचारले. कागद पाहिल्याविना काय सांगणार? उद्या घेऊन ये, दोघे मिळून वाचू, असे आम्ही तिला सांगितले आहे.