स्प्रेडशीटमध्ये सांख्यिकीय विश्लेषणाची साधने : प्रक्षेत्र चाचणीसाठी उपयोग

शेतकऱ्यांच्या शेतावर घेतलेल्या चाचण्यांचे आकडे आज बहुतेक ठिकाणी संगणकावर नोंदविले जातात. मात्र पुष्कळदा हे काम सरासरी काढण्यापाशीच थांबते. एका पद्धतीची सरासरी दुसरीपेक्षा अधिक दिसली, की ती सरस ठरवून शिफारस केली जाते. दिसणारा फरक पद्धतीमुळे आहे की जमिनीच्या कमी-अधिक सुपीकतेमुळे, हे सरासरीवरून कळत नाही. त्यासाठी प्रसरण विश्लेषण करावे लागते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रकाशित केलेल्या पानसे व सुखात्मे यांच्या ग्रंथातून कृषी कार्यकर्त्यांच्या अनेक पिढ्या हे गणित हाताने करावयास शिकल्या. आता तेच काम एक्सेलमधील ‘ॲनालिसिस टूलपॅक’ काही क्षणांत करते.

साधन कसे जोडावे?

टूलपॅक एक्सेलसोबतच येते. परंतु ते प्रारंभी सुरू केलेले नसते. विंडोज संगणकावर पुढील क्रम अनुसरावा.

१. ‘फाइल’ मेनूतील ‘ऑप्शन्स’ उघडून ‘ॲड-इन्स’ निवडावे.
२. तळाशी ‘मॅनेज’ या चौकटीत ‘एक्सेल ॲड-इन्स’ ठेवून ‘गो’ दाबावे.
३. यादीतील ‘ॲनालिसिस टूलपॅक’समोर खूण करून ‘ओके’ दाबावे. साधन स्थापित नसल्याची सूचना आल्यास ‘येस’ निवडावे.
४. ‘डेटा’ मेनूत उजवीकडे ‘डेटा ॲनालिसिस’ हा पर्याय दिसू लागेल.

मॅक संगणकावर ‘टूल्स’ मेनूतून ‘एक्सेल ॲड-इन्स’ उघडावे. भ्रमणध्वनीवरील एक्सेलमध्ये ही सोय नाही. लिब्रेऑफिस कॅल्क हा विनामूल्य पर्याय वापरणाऱ्यांना ‘डेटा’ मेनूतील ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये अशीच साधने मिळतात.

एक उदाहरण

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. सोयाबीनच्या तीन पद्धती पाच शेतांवर घेतल्या आणि प्रत्येक शेतात कोणत्या तुकड्यावर कोणती पद्धत हे चिठ्ठ्या टाकून ठरविले. ‘आरबीडी’ या नावाने परिचित असलेला हाच यादृच्छिक गट आराखडा होय. शेत १ ते ५ मधील उत्पादन, क्विंटल प्रतिहेक्टर, पुढीलप्रमाणे :

अ – प्रचलित पद्धत : १४, १८, १२, २०, १६ (सरासरी १६)
ब – रुंद वरंबा सरी : १६, २०, १३, २१, २० (सरासरी १८)
क – रुंद वरंबा सरी अधिक पर्णीय फवारणी : १७, २१, १५, २४, १८ (सरासरी १९)

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक शेताला एक ओळ व प्रत्येक पद्धतीला एक स्तंभ द्यावा. ‘डेटा ॲनालिसिस’मधून ‘अनोव्हा : टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ निवडावे, शीर्षकांसह संपूर्ण तक्ता द्यावा, ‘लेबल्स’वर खूण करावी आणि ‘अल्फा’ ०.०५ ठेवावे.

उत्तराच्या तक्त्यात ‘कॉलम्स’ ही ओळ पद्धतींची आहे. तेथे ‘एफ’चे मूल्य १२.७३, तर ‘एफ क्रिट’ ४.४६ येते, ‘पी’ मूल्य सुमारे ०.००३ आहे. पद्धतींत प्रत्यक्ष काहीच फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात सुमारे तीन आहे. म्हणून फरक सार्थक मानावा.

साधनाची निवड चुकली तर?

हेच आकडे ‘अनोव्हा : सिंगल फॅक्टर’मध्ये घातले, तर ‘एफ’ केवळ १.०३ आणि ‘पी’ ०.३९ येते, म्हणजे फरक सार्थक नाही असा निष्कर्ष निघतो. याचे कारण असे, की शेताशेतांमधील मोठी तफावत तेथे वेगळी न काढता त्रुटीत मिसळली जाते. आकडे तेच राहूनही एक उपयुक्त पद्धत अशा प्रकारे नाकारली जाऊ शकते. आराखडा जसा, तसेच साधन निवडावे.

क्रांतिक फरक

कोणती पद्धत कोणापेक्षा सरस, हे टूलपॅक सांगत नाही. ते क्रांतिक फरकावरून ठरवावे. ‘एरर’च्या ओळीतील ‘एमएस’ला २ ने गुणून शेतांच्या संख्येने भागावे, वर्गमूळ काढावे आणि त्याला ‘टी’ तक्त्यातील मूल्याने गुणावे. येथे ‘एमएस’ ०.९१७, शेते ५ आणि ‘डीएफ’ ८ साठी ‘टी’ २.३०६, म्हणून क्रांतिक फरक १.४० क्विंटल येतो.

अ व ब यांतील फरक २ क्विंटल, म्हणजे सार्थक आहे. ब व क यांतील फरक मात्र १ क्विंटलच आहे. फवारणी निरुपयोगी आहे असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु तिचा खर्च शेतकऱ्याने करावा, असे सांगण्याइतका आधार या चाचणीत नाही. केवळ सरासरी पाहिली असती, तर ‘क’चीच शिफारस झाली असती.

घ्यावयाची दक्षता

• आकड्यासोबत त्याच चौकटीत ‘क्विंटल’ असे एकक लिहू नये. साधन तो मजकूर समजते व विश्लेषण नाकारते.
• पीक वाया गेलेल्या तुकड्याची नोंद उपलब्ध नसल्यास तेथे शून्य लिहू नये. या पद्धतीत ते संपूर्ण शेत विश्लेषणातून वगळावे व अहवालात तसे नमूद करावे.
• मूळ आकडा दुरुस्त केल्यास उत्तराचा तक्ता आपोआप बदलत नाही. विश्लेषण पुन्हा करावे.
• चिठ्ठ्या न टाकता चांगला तुकडा नव्या पद्धतीस दिला असेल, तर तो दोष कोणत्याही साधनाने दूर होत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी आणि प्रगतशील शेतकऱ्यांनी मागील हंगामातील एखाद्या चाचणीचे आकडे घेऊन हा अभ्यास स्वतः करून पाहावा. आपल्या शिफारशीवर शेतकरी पैसा व हंगाम दोन्ही खर्ची घालतो. म्हणून ती देण्यापूर्वी एवढी पडताळणी अवश्य करावी.