आत्याला नेमकं काय झालं होतं?

मुलगी वयात आली की कित्येक आयांच्या मनात एकच धास्ती असते: माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर होता, हिलाही होईल का? ही काळजी रास्तच आहे, पण अर्धी आहे. कारण त्याच घरात बाबांची बहीण चाळिशीच्या आत 'पोटाच्या दुखण्यानं' गेलेली असते आणि ते दुखणं अंडाशयाचं होतं का, हे कुणी विचारलेलं नसतं.

स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं बाईत असतात तशीच पुरुषातही. त्यांतला दोष आईकडून येवो की वडिलांकडून, मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. वडील स्वतः ठणठणीत असले तरीही. आत्या मात्र लग्न करून जाते आणि तिचं आजारपणही सासरचं होऊन बसतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण आपल्या मुलीच्या उपयोगाची माहिती नेमकी तिथेच हरवते.

एखाद्या रविवारी कोरा कागद घेऊन बसा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मुलं, तुम्ही दोघं, तुमची भावंडं, दोन्हीकडचे आजी-आजोबा. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात, इथेही निदान तेवढ्या पिढ्या हव्यात. ज्याला कॅन्सर झाला त्याचा आकार काळा करा आणि शेजारी लिहा, कुठला अवयव आणि कितवं वर्ष. वयाला फार महत्त्व आहे. आजीला पंचाहत्तरीत झालेला एकटा कॅन्सर बहुधा आनुवंशिक नसतो. पण मावशीला ३८व्या वर्षी झालेला, एकीच्याच दोन्ही स्तनांत झालेला, काकांना झालेला स्तनाचा, किंवा एकाच बाजूच्या नातलगांत मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा, असं काही दिसलं तर कागद घेऊन जेनेटिक समुपदेशकाकडे जा. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात ही सोय आहे.

उगाच घाबरूही नका. एकूण कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. आजोबा आयुष्यभर तंबाखू मळत होते आणि त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला, तर तिथे बहुतेक वेळा दोष तंबाखूचा.

स्थळं येणार नाहीत म्हणून हे दडवू नका, एवढी मात्र कळकळीची विनंती. धोका वेळेवर कळला तर एमआरआयसारख्या तपासण्या लवकर सुरू करता येतात.

रक्ततपासणीची वेळ आलीच, तर ज्याला आजार झाला तो नातलग हयात असल्यास आधी त्याची करा. त्याच्यात दोष सापडला की बाकीच्यांत तेवढाच शोधायचा. मुलीत तो नसेल तर त्या बाजूनं तिचा धोका चारचौघींइतकाच. स्तन आणि अंडाशयाच्या या जनुकांसाठी अठरा वर्षांखालच्या मुलांची तपासणी सहसा करत नाहीत. हे आजार लहानपणी होत नाहीत, आणि तपासायचं की नाही हे मोठं झाल्यावर तिनं स्वतः ठरवायचं असतं. तोवर तिनं विचारलं, तर खरं ते सांगा.