एअर इनटेकचं काम घेताय? आधी तेलाची बाटली कुणाच्या हातात आहे ते बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत फोर्ड मस्टँग जीटीवर बाहेरचा एअर इनटेक बसवताना दाखवलाय. बॅचमधल्या मुलांनी लगेच विचारलं, "सर, यात सुटतं किती?" व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सुटतं. काम दीड-दोन तासांचं, आणि लागणारी हत्यारं कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात असतातच. पण एक बारीक चूक झाली की मिळालेली मजुरी जाते आणि वर खिशातले घालावे लागतात. माझे गेलेत, ते पुढे सांगतो.

आधी ग्राहकाला काय विकताय ते समजून घ्या. टर्बो नसलेल्या 5.0 लिटर व्ही8 ला कंपनीचा एअरबॉक्स बऱ्यापैकी चांगलाच असतो. नुसता इनटेक बदलून गाडी विमानासारखी पळणार नाही. बदलतो तो आवाज, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हवा असतो तोच. म्हणून मी हॉर्सपॉवरचा आकडा कधीच तोंडातून काढत नाही. एकदा काढला की ग्राहक गाडी डायनोवर लावून येतो आणि आपण तोंड लपवतो. उलट स्वस्त किटमध्ये फिल्टर उघडाच इंजिनशेजारी ठेवलेला असतो. तो इंजिनची गरम हवा ओढतो. बाहेर 30 अंश आणि बॉनेटखाली 60 अंश असेल तर तेवढ्याच जागेत साधारण 9 टक्के हवा कमी मावते. म्हणजे पैसे देऊन ताकद घालवली! हीट शील्ड असलेला आणि बॉनेट बंद केल्यावर शील्डची रबरी कड वर नीट टेकणारा किटच घ्या.

आता बसवणं. इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. मास एअरफ्लो सेन्सरचं कनेक्टर लॉक दाबूनच काढा, वायर धरून ओढायचं नाही. जुना बॉक्स आणि पाइप निघाला की थ्रॉटलच्या तोंडात स्वच्छ फडकं घाला. माझ्या दुकानात ते लालच असतं, कारण पांढरं फडकं आत राहून गेलेलं मी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पाहिलंय. मग सेन्सर जुन्या पाइपातून काढून नव्यात बसवायचा. त्यावरचा बाण हवा इंजिनकडे जाते त्या दिशेला हवा, रबरी रिंग जागेवर हवी, आणि मधल्या तारेला बोट लावायचं नाही. ब्रीदरची नळी जोडा, क्लॅम्प आवळा, पण सिलिकॉन फुगून बाहेर येईल इतके नको. गाडी सुरू करून पाच मिनिटं कान लावा. फुस्स असा आवाज आला तर कुठेतरी हवा गळतेय. शंभरेक किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा तपासायला बोलवा, फुकट. त्या फेरीत ग्राहक दुसरं काहीतरी काम सांगतोच, हा माझा अनुभव.

किटचं पत्रक मात्र ऑर्डर देण्याआधी वाचा. काही किटवर स्पष्ट लिहिलेलं असतं की ईसीयू ट्यून केल्याशिवाय चालवू नये. कारण साधं आहे. कंपनीने सेन्सरचा हिशोब ठरावीक व्यासाच्या पाइपासाठी बसवलेला असतो. पाइप रुंद झाला की तेवढीच हवा सेन्सरवरून हळू जाते, त्याला वाटतं हवा कमी आली, आणि इंजिनला इंधनही कमी मिळतं. पूर्ण ॲक्सिलरेटरवर असं कमी इंधनावर चालणारं इंजिन ठोकायला लागतं, पिस्टनसुद्धा जाऊ शकतो. तुमच्याकडे ट्यूनरची सोय नसेल तर असा किट बसवूच नका. ग्राहक गेला तर जाऊ द्या.

आता माझी गोष्ट. दुकानाचं दुसरं वर्ष होतं. तेलाच्या सुती फिल्टरची सर्व्हिस आली, मजुरी 1,200 रुपये. मी बँकेत गेलो होतो. दुकानातल्या मुलाने फिल्टर धुतला, घाईत कॉम्प्रेसरची हवा मारून वाळवला आणि लोणच्यावर सोडावं तसं वरून तेल सोडलं. अर्ध्या तासात गाडी दिली. चार दिवसांनी ग्राहकाचा फोन, एक्सप्रेसवेवर खोपोलीजवळ चेक इंजिनचा दिवा, गाडी झटके देतेय. फ्लॅटबेडने आणली, 6,500 रुपये माझे. स्कॅनरवर पी0101, म्हणजे सेन्सरचं माप चुकतंय. काढून बघितलं तर तारेवर तेलाचा थर. एअरफ्लो सेन्सरसाठी मिळतो तोच स्प्रे मारून, पूर्ण वाळवून बसवला आणि गाडी सुधारली. तिथे ब्रेक क्लीनर मारला असता तर सेन्सरच गेला असता. मजुरीही परत केली. मुलाला काही बोललो नाही, कारण त्याला शिकवलं मीच नव्हतं.

तेव्हापासून बाटली एकाच माणसाच्या ताब्यात असते. धुताना क्लीनर लावून दहा मिनिटं थांबायचं, मग हलक्या पाण्याने आतून बाहेर धुवायचं, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाते. कॉम्प्रेसर आणि हीटगन बंद, सुताचं जाळं फाटतं. सावलीत वाळू द्यायचं. उन्हाळ्यात एक रात्र पुरते, पावसाळ्यात दीड दिवसही लागतो. मग प्रत्येक घडीच्या माथ्यावर तेलाची एकच बारीक रेघ, वीस मिनिटं थांबायचं, फिकट राहिलेल्या ठिकाणी थेंबभर.

म्हणजे त्याच दिवशी गाडी देणं जमत नाही. इथे बरेच जण अडकतात. मी नेहमीच्या मापाचे तयार फिल्टर दुकानात ठेवतो. डिपॉझिट घेऊन ग्राहकाला एक लावून देतो, दोन दिवसांनी त्याचा त्याला. ज्याला घरी स्वतः धुवायचाय त्याला बिनतेलाचा कोरडा सिंथेटिक फिल्टर विकतो. मार्जिन थोडं कमी, पण डोक्याला ताप नाही.

पावसाचं वेगळं सांगायलाच हवं. ज्या किटमध्ये फिल्टर खाली बंपरमागे जातो तो थंड हवा ओढतो खरा, पण मुंबईच्या साचलेल्या पाण्यात पाणीही ओढतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नसेल तर विमा कंपनी बहुतेक वेळा असा क्लेम देत नाही. म्हणून कंपनीचा जुना एअरबॉक्स, बोल्टसकट, नाव लिहून ग्राहकाकडे द्या, आणि मे महिन्याच्या शेवटी फोन करा: "साहेब, पावसाळ्यापुरता जुना बॉक्स बसवून घेऊया का?" बसवायची मजुरी जूनमध्ये, परत बदलायची दिवाळीआधी.

जॉब कार्डवर तीन ओळी लिहून सही घ्याच: वॉरंटीचा दावा कंपनी नाकारू शकते, ट्यून लागतो की नाही, आणि पाण्यातून गाडी घालू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीत काय बदलता येतं यावरही मर्यादा आहेत, तेही ग्राहकाला आधीच सांगा. सही करायला जो कां-कूं करतो त्याचं काम मी घेत नाही. माझ्या जॉब कार्डचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो, वही घेऊन बसा.