पूरकाळासाठी हवेच्या नळ्यांची होडी : गावातच करावयाची जोडणी

बीड जिल्ह्याची गणना अवर्षणप्रवण प्रदेशात होते. त्यामुळे होडी हा विषय येथील शेतकऱ्यांस काहीसा परका वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गेवराई, माजलगाव व परळी या तालुक्यांना लागून गोदावरी वाहते. सिंदफणा मंजरथजवळ तिला मिळते, आणि दक्षिणेकडे मांजरा आहे. पैठणच्या धरणातून पाणी सोडावे लागले आणि त्याच सुमारास माजलगावचे दरवाजे उघडावे लागले, म्हणजे नदीकाठच्या ओढ्यानाल्यांत पाणी उलटे चढते. गावाचा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद होतो आणि शेतवस्तीवरील माणसे जागच्या जागी अडकून पडतात. ऑगस्ट २००६ मध्ये गोदाकाठाने हे अनुभवले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सिंदफणा, गोदावरी व मांजरा या तिन्ही नद्यांना मोठे पूर आले, आणि आष्टी तालुक्यात अडकलेल्यांची सुटका करण्यास लष्कराचे हेलिकॉप्टर आणावे लागले.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ असते, राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे असतात. पुण्याहून बीडपर्यंतचे अंतर सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि ज्या दिवशी पथकाची गरज असते त्याच दिवशी वाटेतील पूल पाण्याखाली असतात. म्हणून पहिले काही तास गावाने आपल्याच साधनांवर काढावयाचे असतात. ही साधने कोणती? पूर्वी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड होती. नंतर गुळाची काहील आली, ट्रकच्या ट्यूब आल्या, आणि अलीकडे थर्मोकोलचे तराफे आले. सांगड ही पोहणाऱ्या माणसाच्या उपयोगाची वस्तू होती व त्या कामास ती उत्तम होती. काहिलीचे मात्र समर्थन करता येत नाही. ती प्रवाहात गरगर फिरते, तिला दिशा देता येत नाही, आणि एक माणूस घाबरून उभा राहिला की तिच्यात पाणी शिरते. थर्मोकोलचा तुकडा मोडला तर मोडण्यापूर्वी सूचनाही देत नाही.

या सर्वांपेक्षा भरवशाचे व गावाच्या आवाक्यात येऊ शकणारे साधन म्हणजे कठीण तळाची, कडेने हवेच्या नळ्या असलेली होडी. तिचा जन्म एखाद्या मोठ्या जहाज कारखान्यात न होता एका शाळेच्या कार्यशाळेत झाला, हे येथे सांगण्यासारखे आहे. वेल्सच्या किनाऱ्यावर सेंट डोनॅट्स येथे १९६२ साली अटलांटिक कॉलेज सुरू झाले. तेथील मुलांच्या बचाव पथकाकडे रबरी कापडाच्या फुगणाऱ्या होड्या होत्या. खडकाळ किनाऱ्यावर त्यांचे कापडी तळ झिजत. मुख्याध्यापक डेस्मंड होअर हे निवृत्त नौदल अधिकारी होते. त्यांनी व विद्यार्थ्यांनी कापडी तळाच्या जागी लाकडी तळ बसवून पाहिला आणि पुढे त्यास खोल आकार दिला. या रचनेचे हक्क १९७० च्या दशकात ब्रिटनच्या जीवरक्षक नौकासंस्थेस एक पौंड या नाममात्र मोबदल्यात देण्यात आले. शाळकरी मुलांनी सुताराच्या हत्यारांनी जे केले त्याची जोडणी आपल्या गावचा सुतार, वेल्डर व मोटार दुरुस्त करणारा कारागीर मिळून करू शकतील. मात्र तळ व नळ्या गावात बनवू नयेत. त्या तयारच घ्याव्यात, नव्या किंवा जुन्या, आणि फळी, यंत्र, दोऱ्या व इतर सामान यांची जोडणी गावात करावी. मासेमारांची सहकारी संस्था किंवा ग्रामपंचायत यांनी हे काम अंगावर घेतल्यास होडी वर्षभर वापरात राहील. वापरात राहणारी होडीच पुराच्या दिवशी चालते.

नळ्यांची निवड व तपासणी

बाजारात नळ्या दोन प्रकारच्या कापडाच्या मिळतात. एक पीव्हीसीचे व दुसरे कृत्रिम रबराचे, ज्यास हायपॅलॉन या नावाने ओळखतात. पीव्हीसी स्वस्त असते, परंतु आपल्याकडील उन्हात काही वर्षांनी चिकट होते. रबरी कापड महाग असले तरी उन्हास टिकते. जुनी होडी घेताना कापडावर अंगठा घासून पाहावा. बोटास चिकटपणा लागला तर किंमत कितीही कमी असली तरी ती घेऊ नये.

चार मीटरांच्या आसपास लांबीच्या होडीस सुमारे साडेआठ मीटर लांबीची, चाळीस सेंटिमीटर व्यासाची नळी असते असे धरू. तिच्यात एक हजार साठ लिटरांहून थोडी अधिक हवा मावते. म्हणजे नळी पूर्ण बुडाली असता ती जवळजवळ तितकेच किलो वजन उचलून धरील. आता वजन मोजा. तळ व नळ्या एकशेवीस किलो, यंत्र पन्नास, इंधन वीस, दोर, नांगर वगैरे चाळीस, आणि सत्तर किलोची सहा माणसे चारशेवीस. बेरीज साडेसहाशे. नळीचे तीन समान कप्पे असून एक फुटला तर उरलेले दोन सातशे किलो उचलतात. होडी तरते, परंतु एका अंगास कलते आणि हिशेबात हात राखलेला दिसत नाही. म्हणून अशा होडीत चालक व मदतनीस यांखेरीज चारच माणसे घ्यावीत. सातव्या माणसास फिरून न्यावयास यावे. काठावर उभ्या असलेल्या लोकांना हे पटवून देणे कठीण असते. त्यासाठी हा आकडा होडीच्या दोन्ही अंगांस ठळक रंगवून ठेवावा, म्हणजे वाद चालकाशी न होता रंगविलेल्या आकड्याशी होतो.

एकच कप्पा असलेली होडी कोणत्याही भावात घेऊ नये. पुराच्या पाण्याखाली आपलीच शेते असतात. त्यांत काटेरी तारेची कुंपणे, बाभळीचे फाटे, तुरीची धसकटे व विहिरींचे कठडे असतात, आणि नळी फाटण्यास त्यांतील एकच पुरे होते.

हवा भरताना दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे एक कप्पा पूर्ण फुगवून मग दुसऱ्याकडे वळणे. असे केल्यास दोन कप्प्यांमधील आतला पडदा एकाच बाजूच्या दाबाने ताणला जातो व शिवणीत सुटतो. प्रथम सर्व कप्पे थोडे थोडे भरावेत, मग क्रमाने पूर्ण करावेत. दुसरी चूक पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर लावण्याची. मोटारसायकलच्या चाकात दर चौरस इंचास सुमारे तीस पौंड दाब असतो, तर होडीच्या नळीस साधारण साडेतीन पौंड पुरतात. कॉम्प्रेसरने ही मर्यादा क्षणात ओलांडली जाते. पायाने चालविण्याचा पंप व कमी दाब मोजणारे मापक हीच या कामाची साधने होत.

उन्हाचा हिशेब तर प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. बीड समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे व तेथे हवेचा दाब दर चौरस इंचास पावणेचौदा पौंडांच्या आसपास असतो. सकाळी २५ अंश सेल्सियस तपमानात नळीत साडेतीन पौंड दाब भरला आणि उन्हात आतील हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर तोच दाब साडेपाच पौंडांवर जातो. शिवणी उसवतात त्या या कारणाने. उलट तापलेली होडी गार पाण्यात उतरविली की नळ्या ढिल्या पडतात व लोकांस ती फुटली असे वाटते. म्हणून उन्हात ठेवावयाची असल्यास थोडी हवा काढावी आणि पाण्यात उतरविल्यावर पुन्हा दाब पाहावा.

गळती शोधण्यास साबणाचे पाणी ब्रशने शिवणी, झडपा व जुनी ठिगळे यांवर लावावे. बुडबुडे दिसले नाहीत तरी होडी सावलीत एक दिवस फुगवून ठेवावी व दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दाब मोजावा. सकाळचा दाब दुपारच्या दाबाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, हे वरील हिशेबावरून समजेल.

ठिगळाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सायकलच्या ट्यूबचे द्रावण या कापडास धरत नाही. त्या त्या कापडासाठी बनविलेला दोन भागांचा गोंद आणावा लागतो आणि पीव्हीसीचा गोंद रबरी कापडास चालत नाही. ठिगळ छिद्राच्या कडेपासून सर्व बाजूंनी निदान दोन इंच मोठे व गोल कोपऱ्यांचे कापावे. दोन्ही पृष्ठभाग कानशीच्या कागदाने खरखरीत करून पुसावेत. गोंदाचा पातळ थर दोन्हींकडे द्यावा, तो सुकू द्यावा, पुन्हा थर द्यावा, आणि हातास किंचित चिकटू लागला असता ठिगळ दाबून बसवावे. एक दिवस हवा भरू नये. दमट हवेत हा गोंद नीट पकडत नाही, म्हणून हे काम पावसाळ्याच्या तोंडावर न करता फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी, सावलीत करावे. चैत्राच्या भर दुपारी गोंद लावता लावताच सुकतो. द्रावणाची वाफ विषारी व ज्वालाग्राही असते. दारेखिडक्या उघड्या ठेवाव्यात व जवळपास विडी ओढू देऊ नये.

पिछाडीची फळी व यंत्र

नळ्यांखालोखाल दगा देणारा भाग म्हणजे ज्या उभ्या फळीवर यंत्र टांगावयाचे ती पिछाडीची फळी. बाहेरून तिच्यावर काचतंतूंचा थर असतो, आत प्लायवूड असते. बोल्टांच्या छिद्रांतून पाणी आत झिरपते आणि फळी आतून कुजते. बाहेरून ती नवी दिसते! लहान हातोडीने सर्वत्र ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा बोल्ट काढताच तपकिरी पाणी ओघळले तर फळी बदलावी. नव्या फळीसाठी आय. एस. ७१० चा शिक्का असलेले, पाण्यात वापरावयाचे प्लायवूडच घ्यावे. फर्निचरचे प्लायवूड दोन पावसाळ्यांत सुटते.

छिद्रे पाडण्याची रीत सुतारास समजावून द्यावी. बोल्टापेक्षा बरेच मोठे छिद्र पाडावे, ते इपॉक्सीने पूर्ण भरावे, घट्ट झाल्यावर त्याच्या मध्यातून बोल्टाच्या मापाचे छिद्र पाडावे. मग बोल्टाभोवती पाणी शिरले तरी लाकडास स्पर्श होत नाही. दोर बांधावयाच्या प्रत्येक खुंटीच्या पाठीमागे धातूची पट्टी असावी, नाही तर ओढ बसताच खुंटी फळीसकट निघते.

शेतातील उथळ पाण्यासाठी पंधरा अश्वशक्तीचे यंत्र पुरेसे आहे. विकणारा अधिक मोठे सुचवील. ते घेऊ नये, कारण पुराच्या पाण्यात वेगाचा उपयोग थोडा व वजनाचा तोटा मोठा असतो. यंत्राच्या दांड्याची लांबी पंधरा किंवा वीस इंच असते. ती फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर एक इंच खाली यावी. पंख्याभोवती जाळीचे कडे बसविणे आवश्यक आहे, कारण होडीजवळ पाण्यात माणसे असणार. चालकाच्या मनगटास बांधावयाची जी दोरी यंत्रासोबत येते, ती ओढली जाताच यंत्र थांबते. चालक पाण्यात पडल्यास मोकळी होडी फिरून त्याच्याच अंगावर येते, तेव्हा ही दोरी बांधल्यावाचून यंत्र सुरू करू नये. यंत्रास साखळीनेही फळीशी जखडावे.

इतर सामान थोडक्यात असे : दोन वल्ही, दोराचा नांगर, फेकावयाचा वीस मीटर दोर, पाणी उपसण्याचे डबे, शिट्टी, विजेरी, आणि जितकी माणसे तितकी जीवरक्षक जाकिटे. नळ्यांच्या बाहेरच्या अंगास सर्वभर धरावयाची दोरी लोंबती ठेवावी. पाण्यातील माणसास होडीत चढता आले नाही तरी ती धरून राहता येते. इंधनाची टाकी पट्ट्याने बांधावी. जड सामान मध्यभागी ठेवावे.

यंत्राने चालणाऱ्या नावा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ च्या कक्षेत येतात. नोंदणी व परवान्याविषयी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे आधी विचारणा करावी.

सराव

सरावासाठी माजलगावच्या जलाशयाचा शांत काठ सोयीचा आहे. तेथे मासेमारीची जाळी असतात, म्हणून भोई बांधवांपैकी जाणत्या माणसास बरोबर घ्यावे. प्रवाहातील माणसाजवळ नेहमी खालच्या बाजूने, होडीचे नाक प्रवाहाकडे ठेवून, हळूहळू जावे. वरून गेल्यास होडी त्याच्यावर लोटली जाते. पूर आलेल्या शिवारात शिरण्यापूर्वी महावितरणकडून त्या भागाची वीज बंद केल्याची खात्री करून घ्यावी. पाणी चढले म्हणजे तारा हाताच्या अंतरावर येतात.

होडी नेण्यास ट्रॅक्टरची ट्रॉली चालते, परंतु तळाच्या कण्याखाली भुसा भरलेली पोती अंथरावीत. ठेवताना धुऊन, सुकवून, अर्धी हवा ठेवून सावलीत ठेवावी. गोदामात ठेवल्यास खते व डिझेल यांपासून दूर, आणि जमिनीवर न ठेवता दोरांनी टांगून ठेवावी. उंदीर नळ्या कुरतडतात, आणि ते भोक नेमके पुराच्या रात्री सापडते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होडी खाली काढून दाब मोजावा, यंत्र पाण्याच्या पिपात दहा मिनिटे चालवून पाहावे, आणि जुने इंधन काढून टाकून नवे भरावे.